कानांनी काढलेले फोटो

आमच्या भागातल्या गावांच्या नावांत झाडे फार. पिंपरी म्हटले की पिंपळ आलाच. चिंचवडाने तर एकावर समाधान न मानता चिंच आणि वड अशी दोन झाडे घेतली. पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि पिंपळे सौदागर ही तीन भावंडे शेजारी आहेतच. पिंपरीच्या नावाने तर पुढे शास्त्रातही जागा पटकावली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या संशोधकांना इथल्या मातीत एक सूक्ष्म जीव सापडला. त्यापासून १९६१ च्या सुमारास बुरशीच्या रोगांवरचे हमायसिन हे औषध निघाले आणि त्या जीवाचे बारसे झाले 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. झाडाचे नाव गावाला आणि गावाचे नाव डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाला! वंशावळ अशी थोर असली, तरी काळेवाडीत चौथ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत उभे राहून समोर पाहावे, तर दिसते ती दुसऱ्या कुणाची तरी चौथ्या मजल्यावरची गॅलरी. तिथे दोन कुंड्या आहेत. एकीत तुळस असते आणि दुसरीवर पायपुसणे वाळत असते.

तेव्हा झाडे आणि पाखरे पोटभर पाहायची, तर आम्हांला गाडीत बसावे लागते. गेल्या चैत्रात आम्ही तशा बसलो. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या सासूबाई. तिसरा सोबती कॅमेरा. तो आमच्या लेकीचा. शिकायला नाशिकला जाताना तिने तो माझ्या हवाली केला होता, आणि वर बजावले होते, "आई, नुसता कपाटात ठेवू नकोस, त्याला बुरशी लागते."

सासूबाईंना मी आई म्हणते. वय पंचाहत्तर. माहेर पवन मावळातले, म्हणजे आमच्या घरामागून वाहणाऱ्या पवनेच्याच वरच्या अंगाचे. १९६९ साली लग्न होऊन त्या इकडे आल्या, तेव्हा माहेरचे पाणी सासरच्या दारावरून जाते याचेच त्यांना केवढे अप्रूप होते. आता त्या पाण्यावर उन्हाळा आला की जलपर्णीची हिरवी गोधडी पसरते. तरीही रात्री नदीच्या अंगाने टिटवी ओरडली की आई अंथरुणात उठून बसतात आणि म्हणतात, "आहे गं बाई अजून!" टिटवी आहे म्हणतात की नदी, हे मी कधी विचारले नाही.

दोन वर्षांपूर्वी आईंना काही तरी होऊ लागले. समोरचे वर्तमानपत्र त्या घडघडा वाचत, पण हाताशी ठेवलेल्या तांब्याला त्यांचा धक्का लागे. सुईत दोरा ओवत, पण दाराच्या चौकटीवर खांदा आपटे. आम्हांला वाटले, वय झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवले. आत कुठे ठिपका लुकलुकला की हातातले बटण दाबायचे, असा तो खेळ. खेळ संपल्यावर यंत्राने एक कागद बाहेर टाकला. त्यावर एक नकाशा होता. मध्ये थोडी पांढरी जमीन आणि भोवताली काळा समुद्र.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाले.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे ऐकायला सख्ख्या बहिणींसारखी, पण स्वभाव अगदी निराळे. मोतीबिंदू काढता येतो आणि माणूस पुन्हा लख्ख पाहू लागतो. काचबिंदूत बहुधा डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर मेंदूकडे नेणारी नस थोडी थोडी निकामी होत जाते. ती कडेकडेने जाते, दुखत-खुपत नाही, म्हणून माणसाला पत्ताही लागत नाही. गेले ते परत मिळत नाही. थेंब घालायचे, दाब आटोक्यात ठेवायचा आणि उरलेले राखायचे, एवढेच हाती असते. आईला असला तर मुलांना होण्याचा संभव अधिक, म्हणून आमच्या ह्यांचीही तपासणी करून घेतली. ते सुटले. तेव्हापासून घरात रात्री नऊ वाजता आईंच्या डोळ्यांत थेंब घालण्याचा नेम सुरू झाला. तो आजतागायत चुकलेला नाही.

नेम चुकला नाही, पण आईंचे बाहेर जाणे थांबले. भाजी आणायला, देवळात, शेजारच्या बाईंकडे हळदीकुंकवाला, सगळीकडे 'नको गं, पडेन' एवढे एकच उत्तर. डोळ्यांतली खिडकी लहान झाली होतीच. तिच्या मापाने त्यांनी घरही लहान करून घेतले. आधी जिना गेला, मग गॅलरी गेली, मग उरली ती पलंगाची कड.

अशात एके सकाळी समोरच्या कुंडीवर बुलबुल येऊन बसला. मी लगबगीने कॅमेरा काढला, त्याला लांबचे भिंग लावले आणि डोळ्याला लावून पाहते तो बुलबुलाचा पत्ता नाही! नुसत्या डोळ्यांना तो ढळढळीत दिसत होता. भिंगातून कधी भिंतीचा पोपडा दिसे, कधी पायपुसण्याचे सूत, कधी नुसते आभाळ. माणसाला दोन्ही डोळ्यांनी मिळून आडवे जवळजवळ १८० अंश दिसते. ३०० मिलिमीटरच्या भिंगातून असल्या लहान कॅमेऱ्याला दिसतात जेमतेम पाच-सहा अंश. माझी ती तारांबळ ऐकून आई पलंगावरून उठून आल्या. "बघू," म्हणाल्या. मी कॅमेरा त्यांच्या डोळ्याशी धरला. बराच वेळ त्या पाहत राहिल्या आणि अगदी सहज, जणू काही शेजारणीशी साडीच्या पोताबद्दल बोलावे तशा म्हणाल्या, "अगं, मला तर रोज असंच दिसतं."

दोन वर्षे मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होते. त्यांना कसे दिसते, हे मला त्या दिवशी दिसले. बुलबुल उडून गेला होता. मी म्हटले, "आई, शनिवारी आपण एम्प्रेस गार्डनला जाऊ या. मला तुमची मदत लागेल."

घरात अर्थातच खडाजंगी झाली. ह्यांची शनिवारी चाकणच्या कारखान्यात पाळी, त्यामुळे सोबतीला पुरुषमाणूस नाही. गर्दी, ऊन, जिने, फलाट, खड्डे, सगळ्यांची यादी वाचून झाली. आई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पडले तर पडले. घरात काय कमी आपटते मी?" या युक्तिवादापुढे ह्यांचे इंजिनिअरिंग चालले नाही.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. पवनेचा पूल ओलांडून पिंपरी स्टेशन आणि तिथून पुण्याची लोकल. माझ्या दंडाला धरून, अर्धे पाऊल मागे, अशा आई चालत होत्या. पायरी आली की मी नुसते 'चढ' किंवा 'उतार' म्हणायचे, असे आमचे ठरले होते. गाडीत बसल्यावर मात्र मला काही सांगावे लागले नाही. कासारवाडी गेले, दापोडी गेले, आणि एकाएकी रुळांचा आवाज पोकळ झाला, तशा त्या म्हणाल्या, "मुळा आली. आता खडकी." डबाभर माणसे हातातल्या फोनमध्ये माना घालून बसली होती. त्यांतल्या कुणाला नदी आली हे कळले होते, असे वाटत नाही.

एम्प्रेस गार्डन रेसकोर्सच्या शेजारी आहे. ३९ एकरांची ही बाग 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही संस्था सांभाळते. संस्था १८३० सालची. लष्कराच्या वस्तीशेजारची म्हणून या बागेला पूर्वी 'सोल्जर्स गार्डन' म्हणत. पुढे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली. १८७७ च्या पहिल्या दिवशी दिल्लीच्या दरबारात तशी द्वाही फिरली. त्या पदवीवरून बागेलाही सम्राज्ञीचे नाव मिळाले. राणी गेली, राज्य गेले, नाव तेवढे राहिले. जानेवारीत इथे फुलांचे मोठे प्रदर्शन भरते, तेव्हा अर्धे पुणे लोटते. चैत्रातल्या शनिवारच्या सकाळी मात्र फाटकाशी आम्ही दोघी, एक शाळेची सहल आणि पहाटे चालून परतणारी काही वयस्क मंडळी, एवढेच होतो.

आत पाऊल टाकले आणि आई थांबल्या. मला वाटले, ठेच लागली.

"बकुळ," त्या म्हणाल्या.

मला काहीच दिसत नव्हते. वळण घेऊन वीसएक पावले गेल्यावर वाटेच्या कडेला बकुळ होती आणि तिच्याखाली फिकट चांदण्यांचा सडा पडला होता. आई खाली बसल्या. हाताने जमीन चाचपत त्यांनी ओंजळभर फुले वेचली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. मी त्यांचा वाकलेला हात आणि फुले असा फोटो घेतला. त्या दिवसाचा तो पहिला फोटो, आणि तो नाकाने काढलेला होता.

झाडांचे फोटो काढण्यात एक सुख आहे. झाड पळून जात नाही. छायाचित्रांनी सजलेले जगातले पहिले पुस्तक वनस्पतींचेच आहे, हे मला त्यामुळे अगदी योग्य वाटते. ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईंनी १८४३ साली ते काढायला सुरुवात केली. समुद्रातले शेवाळ त्यांनी रसायन लावलेल्या कागदावर मांडले आणि उन्हात ठेवले. जिथे ऊन लागले तिथे कागद गर्द निळा झाला आणि शेवाळाची आकृती पांढरी उमटली. ना कॅमेरा, ना भिंग. पाखराला असे कागदावर निजवता येत नाही. त्याच्यासाठी भिंग लागते, चपळाई लागते आणि मुख्य म्हणजे ते कुठे आहे हे आधी ठाऊक असावे लागते. माझे सगळे घोडे तिथेच अडत होते.

एवढ्यात एका उंच झाडाच्या शेंड्याकडून आवाज आला. टुक्, टुक्, टुक्. कुणी तरी लांब बसून तांब्याच्या पातेल्याला ठोके घालावे तसा.

"तांबट," आई म्हणाल्या.

आपल्या भाषेने पाखरांना नावे देताना पुष्कळदा डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास टाकला आहे. पावशा 'पेर्ते व्हा' म्हणतो म्हणून पावशा. टिटवीचे नाव तिच्याच गळ्यातून आलेले. तांबटाला तर आपण चक्क जातीचा कारागीर करून टाकले. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत ज्यांनी ठोके ऐकले आहेत, त्यांना हे नाव कसे पडले ते सांगावे लागणार नाही. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांच्या तोंडून अशी कितीतरी नावे गोळा केली आणि मराठीला पक्षिकोश दिला. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, हे दिवाळीच्या फराळातून उठता उठता लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तर तांबट. तो वाजत होता, पण नेमका कुठे? कधी डावीकडून आवाज येई, कधी उजवीकडून. मी भिंग इकडून तिकडे फिरवून थकले. आई मात्र डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि मान किंचित इकडे, किंचित तिकडे करीत राहिल्या. "तो मान फिरवतोय, म्हणून आवाज फिरतो," त्या म्हणाल्या. "जागा एकच आहे."

"पण कुठं, आई? झाड केवढं आहे!"

त्यांनी क्षणभर विचार केला. "झाड म्हणजे वाढलेलं ताट समज. मीठ वाढतात ना, शेंड्याला? तिथून चटणीच्या अंगाला ये. दोन बोटं."

वाचकहो, मी वीस वर्षे मराठी शिकवते आहे. दिशा सांगायची याहून नेमकी भाषा मला तोवर भेटली नव्हती. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाज्या, वाटीत आमटी, मध्ये भात. मराठी घरात जेवलेल्या माणसाला हा नकाशा पाठच असतो. मी मिठावरून चटणीकडे दोन बोटे भिंग सरकवले, आणि काय सांगू! निष्पर्ण डहाळीच्या टोकावर, कोवळ्या उन्हात, चिमणीहून थोडासा थोराड असा तो हिरवा कारागीर बसला होता. कपाळाला कुंकवाचा मळवट. चोच मिटलेली आणि गळा मात्र ठोक्यागणिक फुगत होता. मी बटण दाबले.

कॅमेऱ्याच्या पाठीवर छोटासा पडदा असतो. त्यावर चित्र आणून मी तो आईंसमोर धरला. आगपेटीहून थोडा मोठा तो पडदा, पण त्यांच्या खिडकीत तो अख्खा मावत होता. कुठलीही कड तुटत नव्हती. आईंनी पडदा जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"हा होय!" त्या म्हणाल्या. "सत्तर वर्षं ऐकतेय मेल्याला. तोंड आज पाहिलं."

मग आमचा धंदा छान जमला. त्या ऐकायच्या आणि ताटातली जागा सांगायच्या, मी भिंग रोखायचे, आणि मग पडद्यावर दोघींनी मिळून पाहायचे. 'भाजीच्या वाटीखाली' शिंजीर सापडला. 'भाताच्या मागे' कोतवाल. भारद्वाज तर ताटात नव्हताच, तो जमिनीवर पाचोळ्यातून चालत होता. त्याच्या पोटातून येणाऱ्या 'हूप, हूप' आवाजावर आईंनी लगेच हात जोडले, कारण भारद्वाज दिसणे शुभ. "तुम्हांला दिसला का?" मी विचारले. "तुला दिसला ना? मग झालं," त्या म्हणाल्या.

पुढे गारंबीची ती महावेल आली. मराठीच्या प्राध्यापिकेला गारंबी म्हटले की आधी श्री. ना. पेंडशांचा १९५२ सालचा बापू आठवतो. पण ती गारंबी कोकणातल्या गावाची. ही गारंबी म्हणजे मांडीएवढ्या जाड पिळांनी झाडांवर चढत गेलेला वेल. शास्त्रात तिच्या एका जातीला 'एंटाडा ऱ्हीडी' म्हणतात. सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याचे ते स्मरण. या वेलीची शेंग हातभराहून लांब असते आणि तिच्या टणक बिया पाण्यावर तरंगत समुद्रापार जाऊन रुजतात. भिंगातून मला त्या वेलीचा एक पीळ दिसे, तर दुसरा सुटे. अख्खी वेल काही केल्या चौकटीत येईना. आईंनी मात्र तिच्यावर तळहात ठेवला आणि पीळ धरून त्या हळूहळू चालत गेल्या. चालता चालता एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, "इथं हिनं झाड बदललं." मी वर पाहिले. खरेच, वेल तिथून दुसऱ्या झाडावर गेली होती.

शाळेच्या सहलीतला एक चिमुरडा मघापासून आमच्या मागे मागे येत होता. त्याने न राहवून विचारले, "आजी, तुम्ही डोळे मिटून कसं ओळखता?" आई म्हणाल्या, "तूही मीट." तो डोळे मिटून उभा राहिला. त्याचे पाहून आणखी चौघे-पाचजण उभे राहिले. "काय ऐकू येतं?" "रिक्षा," एक म्हणाला. "विमान," दुसरा म्हणाला. थोडा वेळ गेला. मग पहिला पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, "कुणी तरी काही तरी ठोकतंय." आईंच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते टिपायला मी कॅमेरा उचलला, पण तोवर बाईंनी शिट्टी वाजवली आणि पोरे पळाली.

दुपारी एका वडाच्या सावलीत आम्ही दशम्या सोडल्या. सातभाईंची टोळी कलकलाट करीत आली आणि आमच्या भोवती पंगत मांडून बसली. इतक्यात वरून एक कर्कश, लांबट शीळ आली. आईंचा घास हातातच राहिला. "घारीसारखा आहे, पण घार नव्हे," त्या म्हणाल्या. थोड्या अंतरावर काम करणारे माळीबुवा हसले. "धनेश आहे, आजी. बिऱ्हाड केलंय तिकडं. लांबूनच बघा."

धनेशाच्या संसाराची रीत निराळी आहे. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा नि चिखल यांनी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. एक उभी फट तेवढी ठेवते. आत ती आपली उडायची पिसेही टाकते. अंडी उबवून पिले मोठी होऊ लागेपर्यंत तिचे सगळे जग त्या फटीएवढे. नर दिवसभर वडा-पिंपळाची फळे आणून फटीतून तिला भरवतो. आम्ही लांबूनच पाहिले. राखी रंगाचा, लांब शेपटीचा नर आला, बुंध्याला बिलगला आणि गळ्यातले एक एक फळ वर काढून फटीत देऊ लागला. आतून एक चोच पुढे येई आणि मागे जाई.

कॅमेरा माझ्या गळ्यात होता. मी तो उचलला नाही. कॅमेरा घेऊन माणूस पुढे सरकला की नर बिचकतो, घरट्याशी यायला वेळ लावतो, आणि तेवढा वेळ आतली सगळी उपाशी राहतात. म्हणून घरट्यांचे फोटो काढू नयेत, असा पक्ष्यांवर माया करणाऱ्या माणसांचा दंडक आहे. मी आईंना तोंडानेच वर्णन करून सांगत राहिले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "फट केवढी आहे?"

"चोच बाहेर येईल एवढी."

"मग पुष्कळ आहे," आई म्हणाल्या आणि उरलेली दशमी त्यांनी चवीने खाल्ली.

पूर्वी रिळाच्या कॅमेऱ्यात ३६ फोटो मावत आणि ते धुऊन येईपर्यंत आठवडा जाई. आता घरी पोचताच चहाच्या आधी फोटो टीव्हीवर येतात. माझे १४३ फोटो होते. ह्यांनी, शेजारच्या मंडळींनी आणि फोनवरून लेकीने ते पंधरा मिनिटांत पाहून निकालही लावला. तांबट उत्तम, शिंजीर हललेला, कोतवाल काळाकुट्ट. एका जुन्या आंब्याच्या खोडाचा फोटो आला. खोडाच्या भेगा मला आवडल्या होत्या, म्हणून सहज काढलेला. "झाडाचं खोड," हे म्हणाले. "पुढं."

"थांब," आई म्हणाल्या. "मागं घे."

त्या टीव्हीपासून हातभर अंतरावर स्टूल घेऊन बसल्या होत्या. आपण रुंद डोळ्यांची माणसे चित्र एका घोटात पितो आणि पुढचा पेला मागतो. आईंना ती चैन परवडत नाही. त्यांना चित्र परातीतल्या तांदळासारखे निवडावे लागते, कोपऱ्यापासून, चिमटी चिमटीने. त्या निवडत निवडत वर गेल्या.

"लोणच्याच्या जागी बघ. भोक आहे ना झाडाला? त्यात दोन डोळे आहेत."

ह्यांनी चित्र मोठे केले. ढोलीच्या अंधारात, सालीच्याच रंगाचा, अंगावर पांढरे ठिपके असलेला पिंगळा बसला होता आणि आपले पिवळे डोळे आमच्यावर रोखून पाहत होता. बागेत दहा मिनिटे आम्ही त्याच झाडाखाली उभ्या होतो. घरात एकदम गलका झाला. लेक फोनमधून ओरडली, "आजी, हा फोटो माझ्या नावावर नको, तुझ्या नावावर ठेवायचा!" आता दिवाणखान्याच्या भिंतीवर तो चौकटीत लावला आहे. येणारे पाहुणे म्हणतात, "वा, झाडाचं खोड छान आलंय." आई काही बोलत नाहीत. कोण किती वेळ पाहतो, ते मोजत बसतात.

श्रावणात त्यांची पुन्हा तपासणी झाली. हनुवटी टेकवून, बटण दाबून नवा नकाशा निघाला. डॉक्टरांनी जुना नि नवा असे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. पांढरी जमीन एका बाजूने किंचित खचली होती. फार नाही, पण डोळ्यांना दिसण्याइतकी. त्यांनी थेंब बदलून दिले. मला बोलायला काही सुचेना. आईंनी कागद डोळ्यांशी नेला, कोपऱ्यापासून सगळा नीट निवडून पाहिला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. बकुळीची वाळलेली फुले असतात त्याच कप्प्यात.

रिक्षात बसताना त्यांनी नेहमीसारखा माझा दंड धरला. "चढ," मी म्हटले. पाय वर घेता घेता त्या म्हणाल्या, "पाऊस सरला की नदीला टिटव्या उतरतील. त्या कॅमेऱ्याला वीज भरून ठेव."